मदत हवी आहे: कुत्री हार्नेसमधून मागे सरकून सुटते आणि काखेतही घासतो, कुठला घ्यावा?

सांडगी_मिरची

नमस्कार मंडळी,

मोहरी आमची दत्तक घेतलेली देशी कुत्री, दोनेक वर्षांची. वजन १८ किलो, छाती खोल आणि कंबर अगदीच बारीक. आमच्या सोसायटीतले सोलापूरकडचे काका छातीठोकपणे सांगतात की हिच्यात कारवानीचं, म्हणजे त्या सडपातळ शिकारी जातीचं, रक्त आहे. असेल नसेल, अंगकाठी मात्र तशीच आहे.

आधी साधा गळपट्टा होता. वेताळ टेकडीवर मोर दिसला की ती अशी झेप घेते की घसा आवळून नंतर खोकत बसते. डॉक्टर म्हणाले, हार्नेस घ्या. दुकानात वजन सांगितलं, त्यांनी एम साइझ काढून दिला. पाठीवर एक कडी, छातीवर आडवी पट्टी, आतून जाळीची गादी. दिसतो छान.

पण डाव्या काखेतले केस गेलेत आणि लाल चट्टा पडलाय. घासू नये म्हणून पट्टे सैल केले, तर वेगळंच सुरू झालं. कुठे बुलेटचा फटका वाजला की बाईसाहेब पाय रोवतात, मान खाली घालतात आणि मागे मागे जातात. हार्नेस डोक्यावरून निघून माझ्या हातात, मोहरी मोकळी. गेल्या वेळी सोसायटीच्या गेटच्या आत होतो म्हणून निभावलं. आता नदीकाठी ढोलताशांचा सराव सुरू होईल, त्या आधी काहीतरी करायचंय.

एल घेऊ का? छातीसमोर कडी असलेले मिळतात, त्यांनी ओढणं कमी होतं म्हणतात, खरं का? घालताना ती पलंगाखाली जाऊन बसते, म्हणून दिवसभर घातलेलाच ठेवला तर चालेल का? आणि पावसाळ्यात तुम्ही काय करता? दोन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

(‘आधी तिला नीट चालायला शिकवा’ हे सांगू नका प्लीज. ते चालू आहे. मोराला मान्य नाही.)

---

बांधावरचा_गडी

आमच्याकडे शेतावर चार कुत्री, एकालाही पट्टा नाही. शहरातली थेरं सगळी.

---

दोन_शेपट्या

@गडी, शेतावर बुलेट नाहीत आणि मागून येणारा पाण्याचा टँकरही नाही. असो.

मिरचीताई, एल अजिबात घेऊ नका. काखेत घासणं आणि मागून सुटणं ही दोन दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे. मान आणि छातीचा पट्टा यांना जोडणारी जी पट्टी छातीखालून, पुढच्या पायांच्या मधून जाते, ती तुमच्या हार्नेसला आखूड असणार. त्यामुळे छातीचा पट्टा थेट काखेत येतो. तिथे कातडी पातळ आणि प्रत्येक पावलाला हलणारी, सोलवटणारच. मग आपण सैल करतो. सैल पट्टा एका बाजूला फिरतो, आणखी घासतो, आणि वर सुटायला वाट करून देतो. एल घेतलात तर घेर वाढेल, घोळ तोच राहील.

शिवणाचा टेप घ्या. ती उभी असताना कोपरामागे दोन बोटं सोडून छातीचा घेर मोजा. मग मानेच्या मुळाशी, म्हणजे जिथे गळपट्टा बसतो त्याच्याही खाली. आणि कंबर, सगळ्यात बारीक जागी. वजनावर साइझ देणारा दुकानदार म्हणजे उंची विचारून चप्पल देणारा.

आडव्या पट्टीचा हार्नेसच नको. ती पट्टी खांद्याच्या सांध्यावरच येते, पाय पुढे टाकताना अडते. समोरून बघितल्यावर इंग्रजी वाय दिसेल असा घ्या: दोन पट्ट्या मानेच्या दोन्ही बाजूंनी येऊन छातीच्या हाडावर मिळतात, खांदे मोकळे राहतात. सगळे पट्टे लावल्यावर आत दोन बोटं सपाट जायला हवीत. मूठ जात असेल तर सैल.

समोरची कडी खरंच उपयोगी आहे. ओढलं की अंग बाजूला वळतं, सगळा जोर लावता येत नाही. पण ती आखूड लीशसाठी, म्हणजे हातात धरायच्या पट्ट्यासाठी. लांब दोरी कायम पाठीच्या कडीला, नाहीतर पायात अडकते.

---

लीड्सची_माई

इकडे शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड घराघरांत दत्तक घेतात, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. खोल छाती, बारीक कंबर, आणि डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा असो की हार्नेस, मागे सरकलं की निसटलाच.

यांच्यासाठी तीन पट्ट्यांचा हार्नेस असतो. मान, छाती आणि तिसरा पट्टा बरगड्या संपतात तिथे, कंबरेच्या निमुळत्या भागात. मागे जाताना हार्नेस पुढे सरकतो, तेव्हा हा तिसरा पट्टा रुंद छातीवर अडतो. तो करकचून बांधायचा नाही, नुसता नीट टेकलेला हवा.

शिवाय गळ्यात मार्टिंगेल नावाचा गळपट्टा. ओढलं की ठरावीक मापापर्यंतच आवळतो आणि थांबतो, गळफास बसत नाही. दोन्ही टोकांना हुक असलेली लीश मिळते, एक हुक हार्नेसला, दुसरा मार्टिंगेलला. ताण हार्नेसवर ठेवायचा, गळ्याकडचा भाग ढिला, फक्त विम्यासारखा.

तुमचे डॉक्टर बरोबरच बोलले हं. गळपट्ट्यावर ओढलं की कुत्र्याच्या डोळ्यातला दाबही वाढतो आणि हार्नेसवर तसं होत नाही, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

---

चिपळूणकर_ओलाचिंब

पावसाचं मी सांगतो, आमचा हक्काचा विषय. जाळी-फोमवाले गादीदार हार्नेस जुलैत विसरा. सकाळी भिजलेला संध्याकाळी तसाच ओला असतो, आणि तोच परत घातला की काखेत, छातीखाली खाज आणि पुरळ. साध्या नायलॉन पट्टीचा पंख्याखाली लवकर वाळतो. शक्य तर दोन ठेवा. घरी आल्यावर काढून अंग पुसा, पट्ट्याखाली बोटं फिरवा. गोचीड नेमकी तिथे लपते.

म्हणून दिवसभर घालून ठेवू नका. आधीच चट्टा आहे, त्याला हवा लागू द्या.

पलंगाखाली जाते ती बहुतेक डोक्यावरून काही येतंय म्हणून. मानेलाही बक्कल असलेला बघा, म्हणजे डोक्यावरून घालावाच लागत नाही. नाहीतर हार्नेस आपण हातात धरायचा आणि मानेच्या गोलातून पलीकडे उकडलेल्या चिकनचा तुकडा. डोकं तिने स्वतः घालायचं, आपण ढकलायचं नाही. सुरुवातीला बक्कल लावूच नका.

---

दोन_शेपट्या

अजून एक, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. ती घाबरून मागे जायला लागली की आपण सहज लीश ओढतो. तिथेच हार्नेस निघतो, कारण आपणच तो डोक्याकडे खेचत असतो. तिच्या दिशेने दोन पावलं जा, लीश ढिली पडू दे, तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहा. ताण गेला की निसटायला आधारच राहत नाही.

पाठीवर कापडी मूठ असलेला मिळाला तर घ्या. रस्त्यावरची कुत्री अंगावर आली की जवळ धरून ठेवायला बरी पडते.

---

सांडगी_मिरची

सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच टेपने मोजलं. छाती ६६ सेंमी, कंबर ४६, मान ३८. गंमत म्हणजे आत्ताच्या हार्नेसच्या लेबलवर छाती ५५ ते ७० लिहिलंय. म्हणजे घेर बसतोच आहे, पण कोपर आणि पट्टा यांच्यात बोटभरही जागा नाही. शेपट्या, तुमचं निदान पक्कं.

चट्टा डॉक्टरांना दाखवते, तोवर काखेवर काही नको. तीन पट्ट्यांवाला ऑनलाइन दिसला, पण यायला वेळ लागेल. आमच्या कोपऱ्यावर बॅगा दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांच्याकडून घरात पडलेल्या जुन्या वाय हार्नेसला तिसरा पट्टा लावून घेतला तर चालेल का?

---

दोन_शेपट्या

चालेल, पण जुना हार्नेस आधी तिला घालून कोपरामागे दोन बोटं सुटतात का ते बघा. नसतील तर तिसरा पट्टा लावून काखेचं काही भलं होणार नाही. पट्टी किमान एक इंच रुंद घ्या. शिवण नुसती दोन रेघांची नको, चौकोन आणि आत फुली, जाड नायलॉन दोऱ्याने. बक्कल कण्यावर किंवा पोटाखाली नको, बरगडीच्या बाजूला. घरी आणल्यावर कडी खिडकीच्या गजाला अडकवून स्वतःच्या वजनाने ओढून बघा, मगच तिला घाला.

---

लीड्सची_माई

आणि तोवर मार्टिंगेल तरी घेऊन टाक. स्वस्त असतो, आणि घालायला डोक्यावरून जातो तेवढंच, मिनिटभराचं काम. चिकन लागेलच.