मदत हवी आहे: अंदमानातली हिरवी पाल नेमकी कुठे बघायला मिळेल?

मंडळी, जानेवारीत सहकुटुंब अंदमानला जातोय. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप). सेल्युलर जेल, राधानगर, बोटी वगैरे टूरवाल्याने ठरवलंय, त्यावर इथे भरपूर धागेही आहेत. माझा प्रश्न पालींचा आहे.

हसू नका. लेकीला सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेड आहे. सोसायटीतल्या सापसुरळ्या तिच्या ओळखीच्या आहेत. अंदमानात भरदिवसा हिंडणारी पोपटी पाल असते हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. शोधाशोध केली तेव्हा नाव मिळालं, फेल्सुमा अंदमानेन्सिस. हिचे बाकीचे भाऊबंद मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्सच्या बाजूला, आणि ही एकटीच एवढ्या लांब पूर्वेला.

तर ही बघायला जंगलातच शिरावं लागतं का? सोबत सासूबाई आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना चढण नको (पाल दिसली की खुर्चीवर मात्र झटक्यात चढतात). मोकळा दिवस एकच आहे, मग माउंट हॅरिएट की चिडिया टापू? आणि रात्री टॉर्च घेऊन फिरलं तर चालतं का? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ आभार.

निळंपाणी:
नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला राहिलोय, म्हणून लिहितो. या पालीसाठी जंगल अजिबात नको. केळी, सुपारी, नारळ, केवडा, झालंच तर घराची भिंत, इथेच असते. ऊन अंगावर यायला लागलं की बाहेर पडते. केळफुलाकडे आधी बघा, मध चाटायला येते.

बघायची युक्ती अशी. सुपारीच्या खोडाला बहुतेक वेळा डोकं खाली करून चिकटलेली असते. तुम्ही उजवीकडून गेलात की ती खोडाच्या डावीकडे सरकते. तुम्ही डावीकडे, तर ती उजवीकडे. म्हणून दोघांनी दोन बाजूंनी जायचं आणि मुलीला एका जागी उभं करायचं, पाल आपण होऊन तिच्या बाजूला येते. नराच्या पाठीवर लाल ठिपके असतात आणि शेपटीकडे निळी झाक. डोळ्याची बाहुली गोल असते, आपल्या घरातल्या पालीसारखी उभी चीर नाही. लेकीला हे आवडेल.

एकच दिवस असेल तर मी हॅरिएट म्हणेन. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे, पण गाडीवाले अजून हॅरिएटच म्हणतात. गाडी वरपर्यंत जाते, सासूबाईंचा प्रश्न मिटला. तिथे झाडांच्या बुंध्यांवर कोरिफोफायलॅक्स नावाचे सरडे बघा. ही अख्खी प्रजातीच अंदमान-निकोबारखेरीज जगात कुठे नाही. रंग मातकट, त्यामुळे लोक हिरव्या पालीमागे धावतात आणि याच्या शेजारून निघून जातात. मला विचाराल तर खरा मान याचा.

सुपारीबाग:
वरच्या प्रतिसादाला +१. रात्रीचं मी सांगते. हॉटेलच्या आवारात खुशाल फिरा. सरडे बारीक फांदीवर झोपलेले असतात आणि टॉर्चच्या उजेडात फिकट दिसतात, दिवसापेक्षा सोपे सापडतात. पण खाडी आणि खारफुटीकडे अंधारात पाऊलही टाकू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, सूचनांच्या पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

आणि लेकीला ताकीद द्या, ओंडके-दगड उचलून बघायचे नाहीत. तिथली घोण चांगली वीतभर असते आणि चावली तर सहलीचे उरलेले दिवस ठणक्यात जातात.

घोरपड हवी असेल तर चिडिया टापूच्या बाजूला किनाऱ्यालगत नजर ठेवा. काळपट असते, पाण्यात मस्त पोहते. फोटोसाठी वाट अडवू नका, शेपटीचा फटका जबर असतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा पकडणं, हुसकावणं, खायला घालणं काहीच नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार! हॅरिएट पक्कं. हॅवलॉक आणि नीलमध्ये एक रात्र वाढवता येतेय. पालीच्या हिशेबाने कुठे वाढवू?

निळंपाणी:
नीलला. तिथे शेती जास्त, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात भाजी तिथूनही येते. खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे विचारू नका, मागे केळी-सुपारी आहे का ते विचारा.

चिडिया टापूला गेलातच तर दोनपर्यंत पोचा. टूरवाले सूर्यास्ताच्या हिशेबाने चारला सोडतात आणि जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो. तोवर हिरव्या पालीची वेळ टळून जाते.