पायवाटांच्या देखभालीसाठी सरकारकडे निधी मागायचा तर मागणी कशी मांडायची?

प्रश्न:
आम्ही काही ट्रेकर मिळून सार्वजनिक पायवाटांच्या देखभालीला सरकारने पैसे द्यावेत असं निवेदन देणार आहोत. पण ज्याला भेटावं तो म्हणतो डोंगरातल्या वाटेला कसला आलाय खर्च, माणसं चालली की वाट आपोआप पडते, आणि राहिलेलं तुम्ही हौशी लोक श्रमदानाने करताच की. यावर काय बोलायचं?

प्रतिसाद १:
वाट पडते पायांनी पण मोडते पाण्याने, हे आधी सांगा. माती दबली, गवत गेलं की पावसाचं पाणी वाटेतूनच वाहतं, मग तिची घळ होते, लोक चिखल टाळायला कडेने चालतात आणि वाट रुंद होत होत आजूबाजूची झाडीपण जाते. उपाय साधाय, ठरावीक अंतरावर तिरपे चर नाहीतर दगडाचे आडवे बांध घालून पाणी उताराला बाहेर काढायचं. पण चर गाळाने भरतात, ते दरवर्षी उपसावेच लागतात. म्हणून एकदाच मोठी रक्कम मागू नका, बजेटमध्ये दरवर्षीची तरतूद मागा.

प्रतिसाद २:
श्रमदानाचा मुद्दा मला तरी पटत नाही. झुडपं छाटणं, खुणा रंगवणं ठीक, पण ओढ्यावरचा साकव किंवा दरड आलेला टप्पा हौशी लोकांवर सोडायचा? तिथे इंजिनिअर लागतो आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण तेही ठरलेलं लागतं. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल जवळपास ३,५०० किमी आहे, बरंचसं काम स्वयंसेवकच करतात, तरी तिच्यामागे १९६८ चा कायदा आणि सरकारी यंत्रणा आहेच.

प्रतिसाद ३:
स्वित्झर्लंडचं उदाहरण नक्की द्या. तिथे १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांचा विषय थेट राज्यघटनेत घातला, नंतर १९८५ चा कायदा आला, आज खुणा केलेल्या वाटा साधारण ६५,००० किमी आहेत. आणि दुर्लक्ष केलं की काय होतं तेही दाखवा. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांमधली वगैरे दुरुस्ती वर्षानुवर्षं तुंबली, शेवटी २०२० मध्ये कायदा करून ५ वर्षं दरवर्षी १.९ अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं ठरवावं लागलं, त्यात रस्ते इमारती पायवाटा सगळंच आलं.

प्रश्नकर्ता:
खूप उपयोगी, थँक्यू सगळ्यांना. निवेदनासोबत अजून काय जोडू?

प्रतिसाद १:
एकाच जागेचे पावसाआधीचे आणि नंतरचे फोटो, वाटेची लांबी, कुठले चर बुजलेत, कुठला साकव खचलाय ते नकाशावर. अधिकाऱ्याला अंदाजपत्रक करता येईल इतकं स्पष्ट द्या, आणि शक्य झालं तर त्यांना एकदा त्या वाटेने चालवत न्या.