इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल ठिबकतंय: मागचं क्रँक सील बदलण्याआधी काय तपासावं?

उघडमीट
२० वर्षं जुनी गाडी. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ॲल्युमिनियम हेड, टायमिंग बेल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली रात्रभरात बशीएवढा डाग पडतो. हजार किलोमीटरला साधारण पाव लिटर टॉप-अप लागतं, निळा धूर नाही. चढ चढून थांबलं की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो. मेकॅनिक म्हणतात मागचं क्रँक ऑइल सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारं कडं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढं काम काढण्याआधी खात्री कशी करायची?

दहाचा_पाना
जळक्या वासाकडे आधी बघा. मागचं क्रँक सील इंजिनच्या तळाशी असतं. तिथलं तेल खालून जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपवर उडू शकतं, पण वास बॉनेटमधून येतोय म्हणजे वरून काहीतरी तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ओघळत असण्याची शक्यता जास्त. टॅपेट कव्हरच्या (इंजिन हेडवरच्या झाकणाच्या) गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून सुटलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि बरोबर बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या) कडेला येऊन ठिबकतं. खालून बघणाऱ्याला ते सीलचंच वाटतं.

तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा. २० वर्षांच्या चिकट काजळीत तो दिसणार नाही, आधी धुवा. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारा, अल्टरनेटर आणि इग्निशनचे कनेक्टर प्लास्टिकने झाका, प्रेशर वॉशर लांब ठेवा. वाळलं की १५ मिनिटं आयडलिंगवर चालवून टॉर्च आणि छोट्या आरशाने बघा. काही दिसलं नाही तर कोरड्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा (फिरत्या बेल्टपासून दूर), ४०-५० किलोमीटर फिरवा आणि पुन्हा बघा. पावडरवर ओली वाट जिथून सुरू होते तेच मूळ. तरीही संशय राहिला तर तेलात यूव्ही डाय घालून निळ्या टॉर्चखाली तपासा.

ऑइल प्रेशर स्विचचा कनेक्टर काढून आत तेल आहे का तेही पाहा. तो आतून फुटला की वायरच्या बाजूने तेल सोडतो. बदलणं अगदी किरकोळ काम आहे.

ब्रीदर
वरच्या उत्तरात एक राहिलं. सील बदलायचं असो वा पॅकिंग, आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा) तपासा. पिस्टन रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) उतरतो आणि पीसीव्हीतून इनटेकमध्ये ओढला जातो. व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप गाळाने चोंदला की आत दाब साठतो आणि जो सांधा कच्चा असेल तिथून तेल बाहेर पडतं. अशा इंजिनात नवं सीलसुद्धा काही महिन्यांत पाझरतं, आणि दोष पार्टला दिला जातो.

तपासणी सोपी आहे. आयडलिंगवर तेलाचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवा. हलकासा ओढला गेला तर ठीक. फडफडून उडाला तर व्हॉल्व्ह काढून हलवा. साध्या व्हॉल्व्हमध्ये आत खुळखुळ आवाज यायला हवा. नवा व्हॉल्व्ह आणि स्वच्छ पाइप असूनही दाब राहिला तर बहुधा रिंगा घासल्यात, कॉम्प्रेशन तपासून घ्या.

उघडमीट
धुऊन पावडर मारली. टॅपेट कव्हरचा गिअरबॉक्सकडचा कोपरा ओला, तिथून खाली सलग ओघळ. पीसीव्ही पूर्ण चोंदला होता, नवा घालतोय. कव्हरचे बोल्ट आवळून चालेल का?

दहाचा_पाना
नाही. रबर कडक झालंय, आवळल्याने ते फुटेल किंवा कव्हर वाकेल. नवं पॅकिंगच घाला, आणि स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलं असतील तर तीही. विहिरीत तेल साचलं की मिसफायर सुरू होतो.

हेडचा पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा आहे, लोखंडी पातं लावू नका. प्लास्टिकच्या पात्याने खरवडा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. तेलाचा पुसट थर राहिला तरी सिलिकॉन धरत नाही. कॅमच्या टोकाशी अर्धगोल वळण आणि बेअरिंग कॅपचा सांधा असतो. फक्त त्या कोपऱ्यांत आरटीव्ही सिलिकॉनचा सुमारे ३ मिमीचा ठिपका द्या. सगळीकडे फासू नका, आत निघालेले तुकडे चेंबरमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतल्या) जाळीत अडकतात आणि ऑइल प्रेशर पडतं. सिलिकॉनवर साय धरण्याआधी कव्हर बसवा. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिमी बोल्टना बहुधा ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात, तरी मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण. ट्यूबवर वेगळं लिहिलं नसेल तर २४ तास इंजिन सुरू करू नका.

सहावा_गिअर
हे झाल्यावरही बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब आला, तर तो पांढऱ्या कागदावर घ्या. दाट, गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल. म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. इंजिन ऑइल निघालं तर मागचं क्रँक सील. दोन्हींत सहसा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तेव्हा क्लच प्लेट व रिलीज बेअरिंगही बघून घ्या, दुप्पट मजुरी वाचते.

जुनं सील निघाल्यावर क्रँकवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सील जागा असल्यास १-२ मिमी पुढे-मागे बसवा, नाहीतर रिपेअर स्लीव्ह (खाच झाकणारी पातळ धातूची नळी) चढवा. रबरी ओठाच्या सीलला तेलाचं बोट लावून बसवतात, पीटीएफई (टेफ्लॉन) सील मात्र कोरडंच. त्याला तेल लावलं तर ते क्रँकवर नीट बसत नाही.

सील फुगवणारं ॲडिटिव्ह तुमच्या गळतीला उपयोगाचं नाही. ते रबरी ओठ थोडे दिवस मऊ करतं, कडक झालेल्या पॅकिंगचं फारसं काही करत नाही.