आवडता ब्रिटिश राजकारणी कोण? माझं मत बार्बरा कॅसल यांना

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

ब्रिटिश राजकारण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चिल, थॅचर आणि १९४७ मुळे ॲटली, एवढ्यावर चर्चा आटोपते. मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो बार्बरा कॅसल यांच्याबद्दल. १९४५ ते १९७९ त्या ब्लॅकबर्नच्या मजूर पक्षाच्या खासदार होत्या. पंतप्रधान कधी झाल्या नाहीत, पण ज्या खात्यात गेल्या तिथलं काम सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोचलं.

डिसेंबर १९६५ मध्ये हॅरल्ड विल्सन यांनी त्यांना वाहतूक खातं दिलं. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि विरोधक ते ऐकवत राहिले. १९६६ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली. दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हा होताच, पण सिद्ध कसा करायचा? डॉक्टरने चाल बघायची, बोलणं अडखळतं का ते बघायचं, आणि त्यावर कोर्टात वकिलांनी कीस काढायचा. १९६७ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने हा वादच संपवला. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, मग माणूस झिंगलेला दिसो वा न दिसो. पोलीस काचेची नळी लावलेली पिशवी फुगवायला सांगत. नळीतले पिवळे स्फटिक खुणेच्या रेषेपलीकडे हिरवे झाले की चौकीवर नेऊन रक्ताचा किंवा लघवीचा नमुना घेत. शिक्षा व्हायची ती प्रयोगशाळेच्या आकड्यावर, नळीच्या रंगावर नाही. दोषी ठरलात की निदान वर्षभर लायसन्स बंद.

९ ऑक्टोबर १९६७ पासून अंमल सुरू झाला. पबवाल्यांनी आकांडतांडव केलं, धमक्यांची पत्रं आली, बाई हलल्या नाहीत. १९६८ मध्ये मृतांचा आकडा ६,८१० वर आला. एका मंत्र्याच्या खात्यावर याहून मोठं काय असणार?

तुमची नावं सांगा. भाषणं नकोत, काम काय केलं आणि ते चाललं कसं, ते लिहा.

टेम्सकाठचा

बाईंच्या धडाडीबद्दल वाद नाही, पण श्रेय जरा वाटून द्या. ताशी ७० मैलांची मर्यादा त्यांच्या आधीचे मंत्री टॉम फ्रेझर यांनी डिसेंबर १९६५ मध्ये प्रयोग म्हणून आणली. कॅसल यांनी ती कायम केली. जानेवारी १९६६ च्या मूळ विधेयकात पोलिसांना कुणालाही थांबवून तपासायची मुभा होती. निवडणूक लागली आणि ते विधेयक बारगळलं. नव्या मसुद्यात कॅसल यांनी तीच मुभा काढून टाकली: दारूचा संशय, वाहतुकीचा गुन्हा किंवा अपघात, यांपैकी काही असेल तरच पिशवी. कुणालाही अडवता येत नाही म्हटल्यावर पकडलं जायची भीती हळूहळू ओसरली. शिवाय चाचणीच्या पद्धतीत पोलिसाने एखादी पायरी चुकवली की वकील आरोपीला सोडवू लागले. १९७२ साली मृतांचा आकडा पुन्हा साडेसात हजारांच्या वर होता. नव्या गाड्यांत सीटचे पट्टे बसवणं त्यांच्या काळात सक्तीचं झालं, पण ते लावायची सक्ती यायला जानेवारी १९८३ उजाडलं.

माझं मत ॲटली सरकारातले आरोग्यमंत्री, राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस) उभारणारे अन्यूरिन बेव्हन यांना. त्यांनी पायाच बदलला. युद्धकाळातल्या आराखड्यात धर्मादाय आणि नगरपालिकांची रुग्णालयं आपापल्या मालकांकडेच राहणार होती. बेव्हन म्हणाले, सगळी एका छत्राखाली. कारण साधं होतं: नगरपालिकेचं रुग्णालय स्थानिक करावर चालायचं, म्हणजे जिथे गरिबी आणि आजार जास्त तिथेच पैसा कमी. लंडनची महापालिका गाजवलेले हर्बर्ट मॉरिसन मंत्रिमंडळात विरोधात उभे राहिले. ॲटली यांनी बेव्हनना साथ दिली. फॅमिली डॉक्टरांना सरकारी पगारदार व्हायचं नव्हतं, म्हणून नोंदणी केलेल्या प्रत्येक रुग्णामागे ठराविक रक्कम ठरवली. दवाखाना विकायची प्रथा बंद केली आणि त्यापोटी ६ कोटी ६० लाख पौंड भरपाई ठेवली. १९४८ च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या संघटनेने प्रचंड बहुमताने नकार दिला होता, तरी ५ जुलैला सेवा सुरू झाली आणि बहुतेक डॉक्टर आत आले.

अवंती

आत आले ते कशाच्या बदल्यात, तेही लिहा ना. बड्या कन्सल्टंटना, म्हणजे रुग्णालयांतल्या वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरांना, अर्धवेळ करार मिळाला, सरकारी रुग्णालयातच खाजगी रुग्णांसाठी खाटा मिळाल्या, वर गुणवत्तेच्या नावाने जादा मानधन. पैसे मोजणारा रुग्ण रांग ओलांडून त्याच डॉक्टरकडे, त्याच इमारतीत जाणार, ही सोय बेव्हन यांनीच करून ठेवली. ती मोडायला १९७४ नंतर कोण उतरलं? कॅसलच. सामाजिक सेवा खातं हाती येताच त्यांनी या खाटा काढायचा घाट घातला, कन्सल्टंटनी नियमापुरतंच काम करून त्यांना जेरीस आणलं, आणि अखेर तडजोडीचा कायदा झाला तेव्हा त्या मंत्रिपदावर नव्हत्या. चार हजारांवर खाटांपैकी एक हजार लगेच गेल्या.

टेम्सकाठचा

@अवंती, ती सवलत दिली नसती तर कन्सल्टंट बाहेर राहिले असते आणि रुग्णालयं नुसती इमारतींची रांग झाली असती. आणि खाटा काढायच्या त्या लढाईने खाजगी रुग्णालयांच्या धंद्याला उलट बळ मिळालं. सरकारी छताखालचा पैसेवाला रुग्ण रस्त्यापलीकडे गेला, एवढंच.

नवी_पेठ

मी थॅचर यांच्या बाजूने. कारण एकच: १९८० चा गृहनिर्माण कायदा. पालिकेच्या घरात तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूला ते घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. बाजारभावावर ३३ टक्के सूट, पुढे प्रत्येक वर्षाला एक टक्का, ५० पर्यंत. शिवाय पालिकेकडून कर्ज मागायचाही हक्क. दहा लाखांवर कुटुंबं मालक झाली. कामगारांच्या नावाने बोलणाऱ्यांनी कामगारांना एवढी मालमत्ता कधी दिली?

अवंती

मिळाली ती पहिल्या पिढीला. विक्रीच्या पैशांतला मोठा हिस्सा नवी घरं बांधायला वापरू नका, असं बंधन पालिकांवर घातलं. चांगली, बागवाली घरं आधी गेली, उंच इमारतींतले फ्लॅट राहिले. म्हणून पुढे फ्लॅटवरची सूट ७० टक्क्यांपर्यंत न्यावी लागली. हक्क देण्यात चूक नव्हती, गेलेल्या घराच्या जागी घर उभं न राहण्यात होती. आणि १९८० मध्येच निवृत्तिवेतनाची वेतनवाढीशी असलेली सांगड थॅचर यांनी तोडली. ती सांगड घातली होती कॅसल यांनी.

गिरणगाव

समान वेतनाच्या कायद्यावर कुणी बोलत नाही, आणि कॅसल यांचं नाव तर त्यावरच मोठं झालंय. जून १९६८ मध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका संपावर गेल्या. भांडण श्रेणीचं होतं: आमचं काम कौशल्याचं आहे, 'ब' नव्हे 'क' श्रेणी द्या. मिळत होते पुरुषांच्या 'ब' दराच्या ८५ टक्के. कॅसल यांनी बोलावून चहा दिला, ९२ टक्के ताबडतोब मिळाले, संप मिटला. पण श्रेणी? ती १९८४ मध्ये, पुन्हा संप करून.

१९७० च्या कायद्यातही तीच भेग राहिली. 'सारखंच किंवा बरंचसं सारखं काम' असेल तर समान पगार, नाहीतर मालकाने स्वतःहून कामांचं मूल्यमापन केलेलं असेल तर. शिवाय मालकांना २९ डिसेंबर १९७५ पर्यंत मुदत. या पाच वर्षांत कामांची नावं नि वर्गवारी बदलून बायका एका रकान्यात, पुरुष दुसऱ्यात, असं करायला भरपूर वाव मिळाला. जिथे पुरुष शिवणयंत्रावर बसतच नाही तिथे तुलना कुणाशी करणार? 'समान मूल्याचं काम' ही तरतूद यायला युरोपीय न्यायालयात सरकार हरावं लागलं.

दर्यावर्दी

मुंबईशी ज्यांचा थेट संबंध आला ते चार्ल्स ब्रॅडलॉ कुणालाच आठवले नाहीत? १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनने निवडून दिलं, नास्तिक म्हणून सभागृहाने बसू दिलं नाही. मतदार पुन्हा पुन्हा त्यांनाच पाठवत राहिले. १८८६ मध्ये जागा मिळाली आणि दोनच वर्षांत त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा घ्यायचा कायदा करून घेतला. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते स्वतः आले होते.

गिरणगाव

आणि आठ तासांच्या दिवसाला कायद्याने हात घालू नका, असंही तेच म्हणत होते. माझ्या यादीत ते बसत नाहीत.

कृष्णाकाठ

@गिरणगाव, भेग होती हे मान्य. पण विधेयकाला राजमान्यता मिळाली २९ मे १९७० ला आणि मजूर पक्ष निवडणूक हरला १८ जूनला. परिपूर्ण मसुद्याची वाट बघितली असती तर त्यांच्या हातून काहीच झालं नसतं. पायरी उभी राहिली म्हणून पुढे तिच्यावर चढता आलं.

आणि १९७५ चा बालभत्त्याचा कायदा घ्या. तोवर मुलांमागची करसवलत बहुधा बापाच्या पगारात जमा व्हायची आणि आईला मिळणारा कुटुंबभत्ता वेगळा होता. कॅसल यांनी दोन्ही एकत्र करून रक्कम आईच्या हाती द्यायचं ठरवलं. एप्रिल १९७६ मध्ये पंतप्रधान होताच कॅलहन यांनी त्यांना काढलं आणि योजना लांबणीवर टाकली, कारण पुरुषांच्या पगाराच्या पाकिटातून पैसे कापलेले दिसणार होते. मंत्रिमंडळातली कागदपत्रं फुटली, गदारोळ झाला, मग टप्प्याटप्प्याने दिली.

टेम्सकाठचा

पैसा आईच्याच हातात, ही लढाई त्याच्या तीस वर्षं आधी एलेनॉर रॅथबोन यांनी जिंकली होती. अपक्ष खासदार, पाठीशी पक्ष नाही. १९४५ च्या कुटुंबभत्ता विधेयकात रक्कम बापाला द्यायचं लिहिलं होतं. ज्या योजनेसाठी आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षं घातली तिच्याविरुद्धच मत देईन, असं त्यांनी बजावलं. सरकारने खासदारांना पक्षादेशातून मोकळं केलं आणि कलम बदललं. कॅसल यांच्या आधी हे नाव यायला हवं.

कृष्णाकाठ

रॅथबोन यांच्यापुढे मीही हात जोडतो. पण त्या कायद्यात आठवड्याचे पाच शिलिंग दुसऱ्या मुलापासून पुढे होते, पहिल्याला काहीच नाही. पहिलं मूल यादीत आलं ते कॅसल यांच्या कायद्याने. एप्रिल १९७७ ला त्याच्यासाठी एक पौंड, एप्रिल १९७९ पासून प्रत्येक मुलामागे चार. माझं मत बदलत नाही.