मदत हवी आहे: अँटिसेन्स प्रोबमध्ये सेन्स आरएनए कुठून येतोय?

इन सिटू हायब्रिडायझेशनसाठी (ऊतीत एखादा एमआरएनए कुठे आहे ते दाखवण्याची पद्धत) अँटिसेन्स प्रोब, म्हणजे त्या एमआरएनएला पूरक आरएनए, बनवतोय; सेन्स आरएनए म्हणजे एमआरएनएसारखाच. ८०० बेस जोड्यांचा सीडीएनए (एमआरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) प्लास्मिडमध्ये (वर्तुळाकार डीएनए) आहे. जनुकाचं ५' टोक टी७ प्रमोटरकडे (जिथून टी७ पॉलिमरेझ आरएनए बनवायला सुरुवात करतो), ३' टोक एसपी६ प्रमोटरकडे. सीक्वेन्सिंग करून दिशा पक्की केली आहे.

कोडिंग साखळी ५'-एटीजी जीसीए टीटीसी-३' अशी सुरू होते, म्हणजे एमआरएनए ५'-एयूजी जीसीए यूयूसी-३'. प्रोब टेम्प्लेट साखळीसारखा हवा, फक्त टीच्या जागी यू. त्याचा शेवट जीएए यूजीसी सीएयू-३' असा व्हायला हवा. म्हणून टी७ च्या बाजूला केपीएन-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापून एसपी६ पॉलिमरेझ वापरला.

जेलवर योग्य आकाराचा पट्टा दिसतो, पण त्याच्या वर लांबट धूसर पट्टाही येतो, आणि ऊतीत सिग्नल फारच मंद. डीएनए नष्ट करणारा डीएनेझ दिला आहे. ०.३ मोलर मिठात आरनेझ ए (इतक्या मिठात तो फक्त एकेरी आरएनए तोडतो) घातल्यावरही ८०० च्या आसपास काहीतरी टिकतं, म्हणजे दुहेरी आरएनए आहेच. प्लास्मिड पूर्ण कापला गेलाय हेही जेलवर तपासलं.

संशय केपीएन-वनच्या ३' लोंबत्या टोकावर (कापल्यावर एका साखळीचं पुढे राहिलेलं एकेरी टोक) आहे. पॉलिमरेझ तिथूनच उलट दिशेने सुरू होऊन कोडिंग साखळीसारखा आरएनए बनवत असावा. त्या बाजूला एकदाच कापणारं दुसरं एन्झाइम नाही, नव्याने क्लोनिंगही शक्य नाही.

टी४ डीएनए पॉलिमरेझने (प्रत्येक डीएनटीपी १०० मायक्रोमोलर, १२ अंश से., १५ मिनिटं) टोक बोथट करणं (लोंबता भाग काढून टाकणं) पुरेल का? की रिव्हर्स प्रायमरच्या ५' टोकाला टी७ प्रमोटर जोडून पीसीआरनेच टेम्प्लेट बनवावा?