मदत हवी आहे: 'फायर इन द लेक'मध्ये अमेरिकेने सायगॉन सरकारशी व्यवहार कसा ठेवावा?

नमस्कार.

आम्ही चौघेजण महिन्यातून एका रविवारी पटावरचे युद्धखेळ खेळतो. जीएमटी गेम्सच्या बंडविरोधी मोहिमांच्या मालिकेची पद्धत आम्ही 'गांधी' या २०१९ सालच्या खेळावर शिकलो. राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक या चार बाजू आपल्या परिचयाच्या असल्यामुळे नियम लवकर अंगवळणी पडले. त्यानंतर मार्क हर्मन आणि व्होल्को रूंके यांचा २०१४ सालचा व्हिएतनाम युद्धावरील 'फायर इन द लेक' घेतला. त्याचे तीन डाव झाले. तिन्ही वेळा अमेरिका माझ्याकडे होती आणि तिन्ही वेळा मी हरलो. हरण्याचे दुःख नाही, परंतु आपण नेमके कुठे चुकतो हे कळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही १९६५ ते १९६७ हा तीन कू-पत्त्यांचा (कू म्हणजे सत्तापालट; हा पत्ता आला की विजयाची तपासणी, उत्पन्न वगैरेंची कू-फेरी होते) लहान डाव मांडतो.

माझी अडचण शत्रूपेक्षा मित्राशी अधिक निगडित आहे. दक्षिण व्हिएतनामची बाजू, म्हणजे एआरव्हीएन, माझा मावसभाऊ खेळतो. कागदावर आम्ही एका पक्षाचे आहोत, पण विजयाच्या अटी वेगळ्या आहेत. लोकांचा पाठिंबा आणि पटावर न उतरवलेले किंवा परत आणलेले माझे सैन्य व तळ यांची बेरीज ५० च्या वर गेली तर मी जिंकतो. नियंत्रणाखालील लोकसंख्या आणि पेट्रोनेज, म्हणजे सत्तेभोवती पोसलेल्या हितसंबंधांचे मोजमाप, यांची बेरीज ५० च्या वर गेली तर तो जिंकतो. मला सैन्य मायदेशी न्यायचे असते आणि त्याला ते तिथेच हवे असते, कारण माझ्या सैन्याच्या ठोकळ्यांमुळे त्याचे नियंत्रण टिकते.

त्यात अमेरिकेला स्वतःची तिजोरी नाही. मला एआरव्हीएनचाच पैसा वापरावा लागतो, आणि तोही एकूण इकॉनच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या अर्थव्यवस्थेच्या, आकड्यापेक्षा जितका जास्त असेल तितकाच. गेल्या रविवारी इकॉन १५ वर होते आणि मावसभावाने आपली तिजोरी बरोबर १७ वर आणून ठेवली. माझ्या वाट्याला दोन आले. एखाद्या ठिकाणचा पाठिंबा एका पायरीने वाढवायला तीन लागतात. तो पुढच्या पत्त्यावर पुन्हा गव्हर्न ही चाल करून परकीय मदतीतला पैसा पेट्रोनेजकडे वळवत होता आणि मी त्याच्याकडे पाहत बसलो होतो. त्याने नियम मोडलेला नाही, हे मला मान्य आहे.

त्याच डावात आणखी एक गोष्ट घडली. सायगॉनमध्ये व्हिएतकाँगची, म्हणजे दक्षिणेतल्या साम्यवादी बंडखोरांची, एकच निळी सोंगटी होती, चांदणीची बाजू खाली केलेली, म्हणजे भूमिगत. माझे सगळे लक्ष कंबोडियाच्या सीमेवरील जंगलाकडे होते. तिथे दोन ठोकळ्यांमागे एकच गनिम उघडा पडतो, त्यामुळे सैन्य बरेच अडकले होते. मान्सून लागण्याच्या, म्हणजे पुढचा पत्ता कू असल्याचे दिसण्याच्या, आदल्या पत्त्यावर व्हिएतकाँगने सायगॉनमध्ये टेरर केले, म्हणजे दहशतीची चाल खेळली. सायगॉनची लोकसंख्या सहा आहे. सक्रिय पाठिंबा दुप्पट मोजला जातो, तो निष्क्रिय झाला आणि माझे बारा गुण सहावर आले. टेबलावर काही क्षण कोणीच बोलले नाही. ती सोंगटी मला दिसत होती, तरी मी तिला मोजले नव्हते.

मला विचारायचे आहे ते असे. एआरव्हीएन तिजोरी अशी आवळून धरत असेल, तर अमेरिकेने पाठिंबा कोणत्या मार्गाने वाढवावा? करार करायचा झाला तर त्याच्या बदल्यात देण्यासारखे माझ्याकडे काय आहे? आणि सैन्य परत नेण्यास कधी सुरुवात करावी? पहिल्या कू-फेरीत नेले तर प्रांत हातचे जातात, आणि शेवटच्या फेरीपर्यंत थांबलो तर बरेचसे सैन्य हताहतांच्या चौकटीत गेलेले असते, जिथे त्याचे गुण मिळत नाहीत.

प्रतिसाद १

आपण लिहिलेल्या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. आपण अमेरिका ही मारामारी करणारी बाजू म्हणून खेळत आहात. लहान डावात ही चूक फार महाग पडते. सायगॉनमधली एक भूमिगत सोंगटी जंगलातल्या पाच सोंगट्यांपेक्षा घातक असते, त्यामुळे स्वीप, म्हणजे भूमिगत गनिमांना उघडे पाडण्याची चाल, प्रथम तिथे करावा. ती उघडी पडल्यावर एअर स्ट्राइकने उडवण्याचा मोह होईल, तो टाळा. वस्तीच्या ठिकाणी बाँब टाकले की पाठिंबा एका पायरीने विरोधाकडे सरकतो, म्हणजे व्हिएतकाँगचे काम आपणच केल्यासारखे होते. एअर स्ट्राइक ट्रेलची, म्हणजे शत्रूच्या हो ची मिन्ह रसदमार्गाची, पातळी उतरवण्यासाठी आणि निर्मनुष्य प्रांतांसाठी राखून ठेवा. टेररची खूण पडलेल्या ठिकाणी ती खूण काढल्याशिवाय पाठिंबा वाढवता येत नाही, आणि काढायलाही तीनच लागतात, हेही हिशेबात धरा.

पैशाच्या बाबतीत आपल्या हातात एक कळ आहे. सायगॉनमध्ये ट्रेन, म्हणजे प्रशिक्षणाची चाल, केल्यास पेट्रोनेजमधले तीनपर्यंत एआरव्हीएनच्या तिजोरीत परत वळवता येतात. त्याचे गुण तीनने घटतात आणि आपल्याला वापरता येणारी रक्कम तीनने वाढते. मी हे प्रत्येक डावात निदान एकदा करतो, आणि करणार असल्याचे आधी उघडपणे सांगतो. सांगितल्यामुळे समोरचा तिजोरी इतकी आवळत नाही. कू-फेरीचा क्रमही लक्षात ठेवा. विजयाची तपासणी आधी होते, मग उत्पन्न येते आणि त्यानंतर पाठिंब्याचा टप्पा लागतो. तिजोरी सर्वांत भरलेली असते ती याच वेळी, म्हणून मोठा खर्च इथे करावा.

प्रतिसाद २

मी बहुतेक वेळा एआरव्हीएन खेळतो, त्यामुळे आपल्या मावसभावाच्या बाजूने थोडे लिहितो. पेट्रोनेज ही त्याची हौस नाही. नियंत्रण मिळण्याची आशा संपली की त्याच्याकडे दुसरा मार्ग उरत नाही. त्याला नियंत्रण मिळवून दिलेत तर त्याच्या मागण्या बदलतात. आपण जंगल सोडून दाट वस्तीच्या प्रांतांत स्वीप आणि असॉल्ट (हल्ला) केलात, तर त्याला लोकसंख्या मिळते आणि आपल्याला पाठिंबा वाढवण्यासाठी जागा मिळते. तिथे दोघांचेही गुण एकमेकांना न खाता वाढतात. याउलट पेट्रोनेजमध्ये त्याचा प्रत्येक गुण आपल्या मदतीतून गेलेला असतो.

करारासाठी आपल्याकडे ॲडव्हाइज, म्हणजे सल्लागारांची विशेष चाल, आहे. त्यासोबत मदत सहाने वाढवता येते. "मी मदत वाढवतो, तू कू-फेरीपर्यंत गव्हर्न करू नकोस आणि इकॉनच्या वर सहा शिल्लक ठेव," असा ठराव मी स्वतः अनेकदा स्वीकारला आहे. नियम कोणालाही करारात बांधत नाहीत, म्हणून ठराव लहान ठेवावा, एका कू-फेरीपुरता.

सैन्य नेण्याविषयी माझे मत असे आहे की ज्या प्रांतात आपण नसतानाही एआरव्हीएनचे ठोकळे शत्रूपेक्षा अधिक भरतात, तिथून पहिल्याच फेरीत निघावे. मग किती सैन्य नेता येईल हे मावसभावाने ठोकळे कुठे मांडले आहेत यावरून ठरते, आणि ते त्याला आधी सांगावे लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एअर स्ट्राइकची चूक मी प्रत्येक डावात केली होती, हे वाचताना लक्षात आले. एका पत्त्यावर मी दाट वस्तीच्या तीन प्रांतांवर बाँब टाकले होते आणि पाठिंब्याचा आकडा का घसरला याचा दोष व्हिएतकाँगला देत होतो. मावसभावाला हा धागा दाखवला आहे. कू-फेरीपुरत्या ठरावाला तो तयार आहे, मात्र इकॉनच्या वर सहा नव्हे, तीनच ठेवीन म्हणतो.

एक शंका उरते. पुढचा पत्ता कू आहे हे दिसल्यावर मान्सून लागतो आणि स्वीप बंद होतो. त्या वेळी सायगॉनमध्ये भूमिगत सोंगटी असेल, तर अमेरिकेने पास देऊन तिजोरीत तीन घालावेत, की ट्रेन करून पेट्रोनेजमधले तीन वळवावेत? तिजोरीत दोन्हींनी तीनच येतात, पण ट्रेनने मावसभावाचे तीन गुण जातात आणि नुकताच केलेला ठराव धोक्यात येतो.