विषय: मंडळाची व्हॅन, शनिवारच्या आत कोणीतरी बघा!!

माई:
व्हॅनचा इंजिन बिघाडाचा दिवा परत लागलाय. बाहेर उणे १५ आणि रेडिएटरचा पंखा सुरू केल्यापासून घरघरतोय. गॅरेजवाल्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाडाचा कोड काढला, पी ०११८. म्हणाला, कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बदला. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, खजिनदार वाचतात. शनिवारी स्पीकर आणि गुळपोळ्या कशातून न्यायच्या?

बापू:
थांबा, पैसे देऊ नका. ०११८ म्हणजे सर्किट तुटल्यासारखं दिसतंय, एवढंच. सेन्सर गेला की वायर, ते कोड सांगत नाही. या सेन्सरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, गारठ्यात वाढतो, तापला की उतरतो. साधारण २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८०ला तीनशेच्या आसपास. वायरच तुटली तर कॉम्प्युटरला वाटतं, गाडी गोठली. आकड्यावर भरवसा नाही, म्हणून पंखा मात्र सुरूच ठेवतो.
रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून स्कॅनरवर (कोड आणि सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान बघा. जवळपास सारखं हवं. कूलंट उणे ४० दिसलं तर सेन्सरवरचा प्लग काढून प्लगातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा १४०च्या आसपास उडाला तर वायरिंग ठीक, सेन्सर बाद.
स्कॅनर माझाच आहे, पण गणपतीपासून कोणाकडे तरी गेलाय.

एडमंटनकर:
उणे ४० सेल्सियस की फॅरनहाइट?

बापू:
दोन्हींत तेच.

एडमंटनकर:
माहीत आहे हो, सात हिवाळे काढलेत तिथे. रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावायला विसरलो की ऑफिसला दांडी. असो. माझ्या मते थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप. माझ्या जुन्या गाडीत तोच निघाला, सेन्सर फुकट बदलला.

बापू:
तुमचा कोड ०१२८ होता, इंजिन वेळेत तापत नाही म्हणून येणारा. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर कूलंट गार राहील, पण हवेपेक्षा गार कसं होईल?

खजिनदार:
व्हॅनचा खर्च कार्यकारिणी ठरवते. आधीच्या बॅटरीची पावती अजून आलेली नाही.

माई:
दिवाळी अंकांच्या खोक्यात आहे. चौथ्यांदा सांगतेय.

मिसिसागाची सून:
बापूकाका, सॉरी! स्कॅनर आमच्याकडे. आज संध्याकाळी माईंकडे पोचवते.

माई:
सकाळी हवा उणे १७, कूलंट उणे ४०. पिना जोडल्या, आकडा थेट १४०. सेन्सर आणायला निघालेच होते, तर ह्यांनी सहज सेन्सरला मीटर लावला. १३ हजार ओहम! म्हणजे या थंडीत बरोबरच की. मग टॉर्च मारला तर प्लगाच्या आत हिरवट थर, एक पीन मागे सरकलेली. पुसलं, पीन पुढे ओढली, आता उणे १६ दाखवतंय. पंखा गप्प.

बापू:
सेन्सर आधी मोजायला सांगायचं माझ्याकडून राहिलं. कोड पुसा आणि उद्या येता-जाता लक्ष ठेवा. ती पीन परत सरकली तर प्लगचं टोक बदलावं लागेल, ते काही फार नाही. स्कॅनर हॉलवर आणा. जेवणाच्या टेबलावर नको, गेल्या वेळी त्यावर वरण सांडलं होतं.

एडमंटनकर:
मी नव्हतो तो.